बाळाचे पत्ते, फेकू नये

मंगळवार, 23 जुलै 2024

ओहायोतल्या क्लीव्हलंडला निघायचं ठरलं होतं सकाळी सातला, निघालो पावणेअकराला. आधी बाबांचा चष्मा सापडेना, मग सापडला, मग गॅस बंद केलाय का बघायला दोनदा घरात, मग शेजाऱ्यांकडे किल्ली देताना दारातच अर्धा तास गप्पा. बाबा 78 चे आहेत, घाई करणं त्यांना जमत नाही, आणि खरं सांगायचं तर चाळिशीतही जमत नव्हतं.

थोडं मागचं सांगतो. मी पुण्यात असतो, 2009 ला परत आलो, पण माझं शाळा-कॉलेज सगळं न्यू जर्सीत झालं. जानेवारी 1988 मध्ये आम्ही डोंबिवलीहून पार्सिपनीला आलो, म्हणजे वानखेडेवर गूचने स्वीप मारून मारून आपल्याला रिलायन्स कपमधून घालवलं त्यानंतर दोन महिन्यांनी. मी अकरा वर्षांचा होतो. आई तीन वर्षांपूर्वी गेली, आता बाबांनी घर विकायला काढलंय, म्हणून महिनाभर आवराआवरीला आलोय. तर बेसमेंटमध्ये ख्रिसमसच्या झाडाच्या खोक्यामागे (हो, आम्हीही आणायचो, पहिल्या वर्षी शेजारी काय म्हणतील म्हणून आणि नंतर सवय म्हणून) बुटांची अकरा खोकी निघाली, प्रत्येकावर पांढरी टेप आणि त्यावर आईचं अक्षर: 'बाळाचे पत्ते. फेकू नये.'

पत्ते म्हणजे बेसबॉलची कार्डं. आई शेवटपर्यंत पत्तेच म्हणायची, त्यामुळे मराठी मंडळात काही दिवस अशी कुजबुज होती की यांचा मुलगा शनिवार-रविवार पत्ते खेळायला हॉटेलात जातो आणि बाप स्वतः गाडीने सोडतो.

अमेरिकेत माझ्या वयाच्या किंवा त्याहून मोठ्या कुठल्याही पुरुषाला विचारा, आईने माझी कार्डं फेकली नसती तर आज मी कुठल्या कुठे असतो, हे ऐकायला मिळतंच. माझ्या आईने एकही फेकलं नाही आणि मी इथेच आहे. ते का, ते पुढे येईल.

तर खोकी बघून बाबाच म्हणाले, "ते मोठं प्रदर्शन असतं ना रे त्यांचं, ते अजून भरतं का?" मी म्हटलं भरतं, याच आठवड्यात, क्लीव्हलंडला. नॅशनल म्हणतात सगळे त्याला, पूर्ण नाव नॅशनल स्पोर्ट्स कलेक्टर्स कन्व्हेन्शन, 1980 ला लॉस एंजेलिसमध्ये पहिलं भरलं तेव्हापासून 2020 चं कोविडचं वर्ष सोडलं तर दर वर्षी होतंय, गावं बदलत. लहानपणी आम्ही कधीच गेलो नव्हतो, परवडण्यातलं नव्हतं आणि बाबांना सुट्टी नसायची. "मग जाऊ," म्हणाले. एवढंच. मी अकरातली चार खोकी डिकीत टाकली.

इंटरस्टेट 80 आमच्या घराजवळूनच जातो, तो धरला की सरळ पश्चिमेला. डेलावेअर नदीची खिंड ओलांडली की पेनसिल्व्हेनिया सुरू, आणि मग पेनसिल्व्हेनिया काही संपत नाही. पण आम्ही आधी वाट वाकडी करून स्क्रँटनच्या बाजूला ड्युरीया नावाच्या गावी गेलो. या गावात बघण्यासारखं काही नाही. पण बेसबॉल कार्डांच्या 'टॉप्स' कंपनीचा कारखाना इथे होता, ब्रुकलिनमधून इकडे आलेला, आणि माझ्या लहानपणीच्या प्रत्येक पाकिटावर बारीक अक्षरात ड्युरीया, पीए असं असायचं. मला अमेरिकेतली जी पहिली गावं पाठ झाली त्यात न्यूयॉर्क, पार्सिपनी आणि ड्युरीया. कार्डं छापली जायची दुसरीकडे, इथे ती बबलगमबरोबर मेणकागदात भरली जायची.

यॉर्क अव्हेन्यूवर गाडी उभी केली. लांबलचक बसकी इमारत, पार्किंग, ऊन. बाबा खाली उतरले आणि नाक वर करून वास घेतला. मी विचारलं काय, तर म्हणे, "गमचा वास येतोय का बघतो." नव्हता येत.

तो गम ज्यांनी खाल्लाय त्यांनाच कळेल. गुलाबी, पत्त्याएवढीच चपटी पट्टी, वर पिठूळ साखर, आणि इतकी कडक की तोंडात घातल्यावर आधी काचेसारखी फुटायची आणि मग दोन मिनिटं गोड लागून रबर व्हायची. शिवाय पाकिटातल्या शेवटच्या कार्डाला त्या गमचा तेलकट डाग पडायचा, आणि तो डाग नेमका चांगल्याच खेळाडूवर पडतो असा आम्हा पोरांचा अनुभव. 1992 पासून टॉप्सने बेसबॉलच्या पाकिटातला गमच काढून टाकला, कलेक्टर लोकांची डागांची तक्रार म्हणून. म्हणजे पोरांची वस्तू मोठ्यांची झाली ती तिथे, असं माझं मत.

संध्याकाळी क्लिअरफील्डच्या पुढे एक पाटी लागते, मिसिसिपीच्या पूर्वेला इंटरस्टेट 80 चा सगळ्यात उंच पॉइंट, 2250 फूट. बाबा म्हणाले, आपल्या लोणावळ्याहून जरा उंच. मुक्काम क्लॅरियनला, मोटेल बरं होतं, आईच्या पद्धतीने गाडीत दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती ती खाल्ली आणि झोपलो.

बुधवार, 24 जुलै

दुपारी क्लीव्हलंड. शो आज दुपारीच सुरू होत होता पण पहिल्या दिवसाची झुंबड बाबांना झेपली नसती, म्हणून आम्ही लेक व्ह्यू सिमेटरीत गेलो. ऐकायला विचित्र वाटेल पण तिथे रे चॅपमनची कबर आहे. क्लीव्हलंडच्या बेसबॉल टीमचा शॉर्टस्टॉप, ऑगस्ट 1920 मध्ये न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर कार्ल मेजचा बॉल डोक्याला लागला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गेला, मेजर लीगच्या सामन्यात बॉल लागून जीव गेलेला एकटाच. तेव्हा हेल्मेट नव्हतं, आणि बॉल माती-थुंकी लावून काळा केलेला असायचा, संध्याकाळच्या उजेडात दिसायचाच नाही. त्याच वर्षी त्याच्या टीमने वर्ल्ड सीरिज जिंकली. लोक अजून दगडावर बॉल, टोप्या, बॅट ठेवून जातात, आम्ही गेलो तेव्हा पावसाने फुगलेले चारपाच बॉल होते.

बाबा तिथे बराच वेळ उभे राहिले आणि मग नरी कॉन्ट्रॅक्टरची गोष्ट सांगायला लागले, 1962, बार्बाडोस, चार्ली ग्रिफिथचा बॉल, कवटीचं ऑपरेशन, फ्रँक वॉरेलने रक्त दिलं. बाबा तेव्हा मॅट्रिकच्या आसपास. वडिलांनी पेपर मोठ्याने वाचून दाखवला होता म्हणाले आणि आजीने देवापुढे दिवा लावला होता, क्रिकेट काय असतं हे तिला ठाऊक नसताना.

रॉक अँड रोलचं म्युझियम बाहेरून पाहिलं. तळं समुद्रासारखं आहे. बाकी काही नाही.

गुरुवार, 25 जुलै

आय-एक्स सेंटर, म्हणजे शोची जागा, विमानतळाला लागूनच आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानांचे भाग बनवायला बांधलेला कारखाना, नंतर तिथे रणगाडे पण झाले, त्यामुळे आत शिरलं की छत दिसतं आणि पलीकडची भिंत दिसत नाही. बाबांना व्हीलचेअर घेऊ का विचारलं तर असं बघितलं माझ्याकडे की परत विचारलं नाही.

आता मला ज्याच्यासाठी लिहायचंय ते. आमचे शो असे नसायचे. आमचा शो म्हणजे रूट 46 वरच्या एका हॉटेलचा हॉल, महिन्यातून एका रविवारी, ज्या हॉलमध्ये शनिवारी कुणाचं तरी लग्न झालेलं असायचं आणि कार्पेटवर अजून चमकी पडलेली असायची. मोठ्यांना एक डॉलर, पोरं फुकट. तीसेक टेबलं, त्यावर हॉटेलच्याच चादरी, टेबलावर काचेच्या चपट्या पेट्या आणि पुठ्ठ्याचे लांब डबे, डब्यात हजारो कार्डं उभी लावलेली, बोटांनी पुढे-मागे करत जायचं. सिगरेटचा धूर, हॉटेलच्या कॉफीचा वास. टेबलामागे पोट सुटलेले, साटीनची जॅकेटं घातलेले काका लोक, आठवडाभर कुणी प्लंबर कुणी शाळामास्तर, रविवारी दुकानदार. मधूनच एखादा म्हातारा रिटायर्ड खेळाडू कोपऱ्यात बसून पाच-सहा डॉलरला सही द्यायचा आणि त्याच्यासमोर रांग नसली की आम्हालाच वाईट वाटायचं.

मला इंग्लिश तिथे आलं. शाळेत मी बोलायचोच नाही, माझे उच्चार ऐकून पोरं हसायची. पण शोमध्ये बोलावंच लागतं, "याचा बुक काय आहे?" बुक म्हणजे बेकेटचा भाव. बेकेट नावाचं मासिक यायचं, जेम्स बेकेट हा स्टॅटिस्टिक्सचा प्रोफेसर, याच ओहायोतल्या बोलिंग ग्रीनच्या युनिव्हर्सिटीत शिकवायचा, त्याने 1984 ला सुरू केलेलं, त्यात प्रत्येक कार्डाचा भाव आणि वर-खाली बाण. आमच्यासाठी तो शेअर बाजार होता. मग घासाघीस. बुकला चार डॉलर असेल तर मी दोन म्हणायचो, कारण बाबांना मी दादरला भाजी घेताना पाहिलं होतं, अर्ध्यापासून सुरू करायचं आणि पाठ फिरवून दोन पावलं चालायचं. हे न्यू जर्सीतही चालतं, छान चालतं.

डोंबिवलीत माझ्याकडे बिग फनच्या बबलगमची क्रिकेटची कार्डं होती, मागे रन नाहीतर विकेट छापलेल्या, त्या जमवायच्या. ती मी निघताना खालच्या मजल्यावरच्या मित्राला देऊन टाकली. त्यामुळे टॉप्सचं पाकीट पहिल्यांदा हातात आलं तेव्हा हे काय आहे ते मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. खेळ कळत नव्हता, बाकी सगळं कळत होतं.

असो, क्लीव्हलंड. दारातून आत गेल्यागेल्या पहिला भाग सगळा मोठ्या कंपन्यांचा, टॉप्स आता फॅनॅटिक्सचं आहे 2022 पासून, त्यांचे दोन मजली स्टॉल, स्क्रीन, गाणी. मग ब्रेकवाले. हा प्रकार बाबांना समजावताना माझी पुरेवाट झाली. म्हणजे एक जण गोल दिव्यासमोर बसून मोबाईलवर लाइव्ह, लोकांनी घरबसल्या आधीच पैसे भरलेत, एकेकाने एकेक टीम घेतलीय, तो पेटीतली पाकिटं फोडतो आणि ज्याच्या टीमचं कार्ड निघेल त्याला पोस्टाने. "म्हणजे लॉटरीच की," बाबा. मी म्हटलं हो, तसंच. "आणि हा ओरडतोय कशाला?" त्याचं मला पण उत्तर देता आलं नाही.

पंधरा-सोळा वर्षांची पोरं हातात ॲल्युमिनियमच्या बॅगा घेऊन फिरत होती, बँकेत कॅश नेतात तशा, आत प्लास्टिकच्या जाड ठोकळ्यांत बंद केलेली कार्डं, स्लॅब म्हणतात त्याला. कंपनीकडे कार्ड पाठवायचं, ते एक ते दहा मार्क देतात, सील करून परत. पीएसए नावाची कंपनी 1991 ला सुरू झाली तेव्हा आमच्या शोमधले काका लोक हसले होते, डोळे नाहीत का आपल्याला म्हणाले होते. आता बुक वगैरे कुणी विचारत नाही, मोबाईल काढून शेवटचा सौदा कितीला झाला ते बघतात, याला कॉम्प्स म्हणतात, आणि त्यातच बोलणं संपतं. दोन पोरांचा सौदा मी मागे उभा राहून ऐकला, चार हजार डॉलरचा, मिळून नऊ-दहा शब्द बोलले असतील.

माझी खोकी विकायचा प्रयत्न झाला. मागच्या बाजूला जुन्या मालाची टेबलं होती, तिथे एक साठीतला डीलर बरा वाटला. त्याने पहिल्या खोक्याचं झाकण उघडलं आणि झटकन मान मागे घेतली. डांबरगोळ्या! आईने प्रत्येक खोक्यात चार-चार टाकून ठेवलेल्या, शालूत टाकतात तशा, दर दिवाळीला बहुतेक बदलत असणार कारण वास एकदम ताजा होता. बाजूच्या टेबलवाल्याने पण वळून बघितलं. डीलरने सभ्यपणे बोटांनी चाळली, 87 चे लाकडी बॉर्डरवाले टॉप्स, 88 डॉनरस, 90 फ्लीअर, आणि म्हणाला, "मित्रा, कंडिशन फार सुंदर आहे. फुकट दिलीस तरी माझ्याकडे ठेवायला जागा नाही."

मला माहीत होतंच. 1980 पर्यंत टॉप्सची मक्तेदारी, कोर्टाने ती मोडली आणि 1981 पासून फ्लीअर, डॉनरस आले, मग स्कोअर, 1989 ला अपर डेक, आणि जुन्या कार्डांना लाखांचे भाव येताहेत असं पेपरात यायला लागल्यावर सगळ्या देशाने नवी कार्डं खोकी भरून जपून ठेवली आणि कंपन्यांनी मागणीप्रमाणे छापत नेली. जुनं महाग का, तर ते कुणी जपलं नव्हतं म्हणून. टॉप्सच्या साय बर्गरने 1952 चा न खपलेला माल 1960 मध्ये बार्जवर घालून अटलांटिकमध्ये बुडवला असं तो स्वतःच सांगायचा, त्यातच मिकी मँटलची कार्डं होती, आणि त्याच मँटलचं एक कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं. तेच कार्ड 1991 ला न्यूयॉर्कमधल्या एका शोमध्ये 50 हजाराला विकलं गेलं होतं. शो! टेबलावर. आमच्या काळातल्या मालाला मात्र नाव पडलं जंक वॅक्स, म्हणजे मेणकागदातला कचरा. त्यावर 12 ऑगस्ट 1994 ला खेळाडूंचा संप झाला, वर्ल्ड सीरिजच रद्द, आणि रूट 46 वरचा आमचा शो त्यानंतर वर्षभरात बंद पडला.

खोक्यात ग्रेग जेफरीजची दहा कार्डं पण निघाली. 1988 ला न्यूयॉर्कच्या मेट्स टीमचा हा पोरगा म्हणजे पुढचा देव असं सगळे म्हणत होते, वाढदिवसाचे सगळे पैसे मी त्याच्यात घातले. करिअर वाईट नव्हतं हो त्याचं, 93 ला .342 ची सरासरी, दोनदा ऑल-स्टार, पण देव काही झाला नाही. डीलरने पलीकडचा डबा दाखवला, कुठलंही कार्ड पंचवीस सेंट, त्यात जेफरीज सहा होते.

मग त्याने तिसऱ्या खोक्यातून एक कार्ड बाहेर काढलं, जाड प्लास्टिकच्या कव्हरमधलं, आणि उजेडात तिरकं धरलं. 1984 डॉनरस, डॉन मॅटिंग्ली. आणि बाबा, इतका वेळ खुर्चीवर गप्प बसलेले, मराठीतच म्हणाले, "ते खोटं आहे म्हणून सांग त्याला."

त्या कार्डाची गोष्ट सांगायला हवी. मॅटिंग्ली न्यूयॉर्कच्याच यँकीज टीमचा, आमच्याकडच्या पोरांचा तेंडुलकर. त्याचं हे पहिलं कार्ड बुकला साठच्या आसपास होतं आणि 1989 मध्ये एका टेबलवर मला ते पंचवीसला मिळालं, घासाघीस करून, बर्फ उपसून मिळवलेले पैसे. नाचत घरी आलो. बाबा तेव्हा एका छापखान्यात होते, पॅकेजिंगच्या, त्याआधी लोअर परळला ऑफसेटमध्ये पंधरा वर्षं काढलेली. त्यांच्याकडे एक लूप होतं, घडीचं पितळी भिंग, तीन पानं उघडली की चौकट होते, कागदावर उभं ठेवून डोळा लावायचा. परळहून खिशात घालून आणलेलं. मी कार्ड दाखवलं तर सवयीने त्यांनी लूप लावलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "बाळा, कुठून घेतलंस?"

मग मला बघायला लावलं. मॅटिंग्लीच्या चेहऱ्याच्या जागी ठिपके, निळे गुलाबी पिवळे काळे, ते असणारच, छापील फोटो असाच असतो. "आता नावावर ने." नावाची अक्षरं पण ठिपक्यांची होती, कडा कुरतडल्यासारख्या. "अक्षर एकसंध पाहिजे. काळ्याच्या प्लेटवर सरळ येतं ते. इथे ठिपके आहेत म्हणजे कुणीतरी छापलेल्या कार्डाचाच फोटो काढून परत छापलंय." मग शेजारी त्याच कंपनीचं दहा सेंटचं कार्ड ठेवून दाखवलं, त्यावरचं नाव शाईने भरलेलं, काळं कुळकुळीत. मी रडलो वगैरे नाही, पण जेवलो नाही.

पुढच्या महिन्यात बाबा माझ्याबरोबर आत आले. तोपर्यंत ते पार्किंगमध्ये गाडीत बसून दोन महिने जुना महाराष्ट्र टाइम्स वाचायचे, भारतातून कुणी आलं की आणायचं. तो टेबलवाला आलाच नव्हता. बाबांनी शेजारच्याला कार्ड दाखवलं, मोडक्या इंग्लिशमध्ये समजावलं, लूप त्याच्या हातात दिलं. त्या माणसाने बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला, त्याने पण त्याच माणसाकडून चार घेतली होती. अर्ध्या तासात त्या लूपभोवती आठ-दहा काका लोक जमा. मग दर महिन्याला बाबा आत यायला लागले, त्यांना एका टेबलामागे खुर्ची आणि कॉफी ठरलेली, लोक कार्डं घेऊन यायचे आणि बाबा सांगायचे, हे खरं, याची कड ब्लेडने कापलीय, याचं रजिस्टर आउट आहे, म्हणजे रंग एकमेकांवर नीट बसलेले नाहीत. टॉप्सचा पूर्ण सेट 792 चाच का, तर एका शीटवर 132 कार्डं बसतात आणि सहा शीटं, हे त्यांनी नुसतं शीटच्या मापावरून अंदाजाने सांगितलं होतं आणि बरोबर निघालं. त्यांना तिथे सगळे लूप म्हणायचे. हाय लूप. कंपनीत त्यांचं नाव कुणालाच धड घेता येत नव्हतं, इथे निदान एक नाव होतं.

अपर डेकचं पाकीट आलं तेव्हा बाबांनी मागचा चकचकीत होलोग्राम बघून मान डोलावली होती, "आता जमणार नाही कुणाला." ती कंपनी निघालीच मुळी या खोट्या मॅटिंग्लीमुळे, कॅलिफोर्नियातल्या एका कार्डाच्या दुकानात हाच खोटा माल आला आणि त्यातून होलोग्रामची कल्पना पुढे आली. म्हणजे मी एकटाच फसलो नव्हतो.

तर क्लीव्हलंडच्या डीलरला मी सांगितलं, खोटं आहे. त्याने स्वतःचं लूप काढलं, एलईडीवालं, बघितलं, आणि विचारलं, "तुला कुणी सांगितलं?" मी बाबांकडे बोट केलं.

शुक्रवार, 26 जुलै

बाबा सकाळी आठला तयार, बूट घालून. शर्टाच्या खिशात काहीतरी जड होतं. मी विचारलं नाही.

आज पुढचा गोंगाट टाळून सरळ मागे. सगळ्यात शेवटच्या रांगांमध्ये तंबाखूची कार्डं होती, टी 206. हे 1909 ते 1911, अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगरेटच्या पाकिटात घालायचे, पाकीट दुमडू नये म्हणून जाड कागद हवा, त्यावर खेळाडूचं चित्र. आपल्या बोटाएवढी लहान असतात. 'टी' म्हणजे तंबाखू, हे नंबर जेफरसन बर्डिकने दिले, सिराक्यूजकडचा एक साधा इलेक्ट्रिशियन, संधिवाताने बोटं वाकडी झालेली, त्याने असल्या कागदांची देशातली पहिली मोठी यादी केली आणि तीन लाखांच्या वर तुकडे न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमला देऊन स्वतः तिथे बसून अल्बममध्ये चिकटवले. 1963 ला काम संपवलं आणि दोन-तीन महिन्यांत गेला. आम्ही मेटला पाहुण्यांना घेऊन पंधरा वेळा गेलो असू, ममी दाखवायला.

याच संचातला होनस वॅग्नर सगळ्यात प्रसिद्ध, त्याने आपलं कार्ड थांबवायला लावलं म्हणून थोडीच निघाली, एक 2022 मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरला गेलं. हे मी बाबांना सांगत होतो आणि त्यांचं लक्ष नव्हतं.

"सिगरेटच्या पाकिटातली?" म्हणाले. "अरे आम्ही पण खेळायचो. चारमिनारची पाकिटं, काडेपेटीचे छाप. गल्लीतला पानवाला रिकामी ठेवायचा माझ्यासाठी." हे मला 47 वर्षांत पहिल्यांदा कळत होतं.

टेबलवाली एक म्हातारी बाई होती, नवऱ्याचं कलेक्शन विकत होती. तिने एक डबा पुढे केला, फाटकी-मुडकी, पन्नाससाठ डॉलरवाली. बाबांनी खिशातून लूप काढलं. तेच. पितळ काळं पडलंय, एक बिजागरी तारेने बांधलीय. चौकट उघडून कार्डावर उभी केली आणि वाकले.

मी घड्याळ नाही बघितलं पण वीस मिनिटं तरी झाली असतील, एकेक कार्ड. बाई काही बोलली नाही, फक्त खुर्ची सरकवून दिली. मग बाबांनी मला बोलावलं, "बघ." डोळा लावला. ठिपके होते, पण आपल्यासारखे रांगेत नाहीत, हाताने टोचल्यासारखे, एकमेकांवर पडलेले, गालाच्या कडेने गुलाबी जरासा बाहेर सांडलेला. "हे स्क्रीन नाही, दगड आहे. एकेका रंगाचा एकेक दगड, त्यावर माणसाने बसून ठिपके दिलेत. आपल्या पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याच्या जुन्या चित्रांसारखं. न्यूयॉर्कात केलेलं असणार." मी मोबाईलवर बघितलं, अमेरिकन लिथोग्राफिक कंपनी, न्यूयॉर्क. दाखवलं त्यांना. त्यांनी बघितलं नाही.

एक कार्ड त्यांनी बाजूला काढलं, कोपरे गोल झालेले, मधून घडी पडलेलं, मागे निळ्या अक्षरात पीडमाँट, फॅक्टरी नंबर 25. बाई म्हणाली पंचावन्न. बाबा म्हणाले तीस. बाई म्हणाली पन्नास. बाबांनी लूप मिटून खिशात घातलं, काठी उचलली आणि पाठ फिरवून दोन पावलं टाकली.

चाळीसला मिळालं.

पुढे जाऊन मी विचारलं, खेळाडू कोण आहे? बाबा थांबले, कार्ड काढलं, चष्मा वर केला. "हे बघायचं राहिलंच की."

शनिवार, 27 जुलै

परत. खोकी चारच्या चार डिकीत, फक्त जेफरीज एक कमी, तो मी सहीच्या रांगेत मागे उभ्या असलेल्या एका पोराला दिला, त्याने वास घेऊन आईकडे बघितलं. सोमवारी घराचे फोटो काढायला माणूस येणार आहे, तोवर बेसमेंट रिकामं हवंय. खोकी पुण्याला न्यायची म्हटली तर वजनाचे पैसे मालापेक्षा जास्त होतील, पण ते नंतर बघू, टेप काढायची माझी तरी हिंमत नाही.

ब्लूम्सबर्गच्या जवळ रेस्ट एरियात थांबलो, मी कॉफी घेऊन आलो तर बाबा बाकावर उन्हात, मांडीवर रुमाल, रुमालावर कार्ड, त्यावर लूप. एक ट्रकवाला शेजारी उभा राहून बघत होता.

"सहा दगड तरी आहेत," बाबा मान वर न करता म्हणाले. "सातवा असेल तर पिवळ्याखाली असेल."

मी कॉफी बाकावर ठेवली. सावली कार्डावर पडत होती म्हणून ट्रकवाला जरा बाजूला सरकला.